कडेलोटाचे सिनेमे आणि खिडकीपलीकडचा माणूस

पाणवठा (धागालेखक)

गेल्या महिन्यात आईच्या एका कागदासाठी एका कार्यालयाच्या मदत क्रमांकावर फोन लावून बसलो होतो. आधी धून, मग 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', मग परत धून. आई शेजारच्या खोलीत झोपलेली, तिला जाग येऊ नये म्हणून मी स्वयंपाकघरात दार लोटून उभा. चाळिसाव्या मिनिटाला एका मुलीचा आवाज आला. नाव सांगितलं, क्रमांक सांगितला, ती म्हणाली "एक मिनिट होल्ड करा" आणि फोन कट झाला. मी ओट्यावर मूठ आपटली. दोन दिवस करंगळी वळत नव्हती. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. तेव्हा तोंडातून जी शिवी निघाली ती कार्यालयाला नव्हती, त्या मुलीला होती. मी एरवी कुणावर आवाज चढवणारा माणूस नाही. ते मला अजून खातंय, म्हणून हा धागा.

त्याच रात्री झोप येईना म्हणून 'फॉलिंग डाउन' (१९९३) पुन्हा पाहिला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लॉस एंजेलिस, रणरणतं ऊन, रस्त्यावर गाड्या अडकून पडलेल्या. मायकेल डग्लस गाडीत घामाघूम बसलाय. पांढरा शर्ट, टाय, खिशाला पेनं. गाडीत माशी शिरलीय, खिडकीची काच खाली होत नाहीये. तो दार उघडतो, गाडी तिथेच सोडतो आणि 'घरी चाललोय' म्हणून चालायला लागतो. संरक्षण साहित्य बनवणाऱ्या कंपनीतली नोकरी गेलेली, बायकोपासून घटस्फोट झालेला, मुलीचा वाढदिवस आहे आणि तिच्या घराच्या जवळपास फिरकायला कोर्टाची मनाई आहे. वाटेत जो जो अडवेल त्याच्याशी याचं भांडण, आणि दर भांडणानंतर हातातलं हत्यार आधीपेक्षा मोठं.

कॉलेजात असताना हा सिनेमा पाहून आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. बर्गरच्या दुकानातला प्रसंग तर तोंडपाठ होता. नाश्त्याची वेळ साडेअकराला संपते, हा काही मिनिटं उशिरा पोचतो, नियम म्हणजे नियम, आता फक्त जेवणाचे पदार्थ मिळतील. मग हा बॅगेतून बंदूक काढतो. त्या वेळी माझं सगळं लक्ष डग्लसकडे. परवा पहिल्यांदा लक्ष काउंटरपलीकडच्या मुलीकडे गेलं. नाश्त्याची वेळ तिने ठरवलेली नाही. भिंतीवरच्या फोटोतला गुबगुबीत बर्गर आणि हातात पडलेला चपटा बर्गर यातला फरकही तिने केलेला नाही. ज्यांनी केला ते त्या दुकानात कधीच नसतात.

मला वाटतं या प्रकारच्या सिनेमांची खरी परीक्षा इथे होते. माणूस का फुटला हे बहुतेक सगळे दिग्दर्शक दाखवतात, ते फार अवघड नाही. तो कुणावर फुटला, आणि त्या बिचाऱ्याचं काय झालं, हे किती जण दाखवतात? तुमच्या आठवणीतले असे सिनेमे सांगा. मारधाडीची यादी नको. साधा माणूस, साधं जगणं, आणि एक दिवस तोल जातो, असे.

वाटसरू

धागा आवडला, पण टाळ्या वाजवल्या याची खंत कशाला? सिनेमागृहाच्या अंधारात वाजवलेली टाळी ही कित्येकांची एकुलती एक सुटका असते. 'वाइल्ड टेल्स' (२०१४) पाहिलाय का? अर्जेंटिनाचा, दामियान सिफ्रॉनचा, सहा स्वतंत्र गोष्टी. त्यातली एक तुमच्या धाग्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. रिकार्दो दारीन सुरुंग लावून जुन्या इमारती पाडणारा इंजिनिअर आहे. मुलीच्या वाढदिवसाचा केक घ्यायला थांबतो, तेवढ्यात गाडी उचलून नेतात. त्याच्या मते तिथे गाडी लावायला मनाई असल्याची खूणच नव्हती. खिडकीपाशी जाऊन हे सांगतो, तर पलीकडचा म्हणतो आधी दंड भरा. वाढदिवस हुकतो. मग दुसऱ्यांदा तेच. नोकरी जाते, संसार मोडतो. शेवटी तो स्वतःच्या गाडीत सुरुंग भरतो, ती मुद्दाम उचलू देतो आणि गाड्यांच्या त्या आवारात स्फोट करतो. हिशोब इतका चोख की कुणालाही ओरखडा येत नाही. तुरुंगात जातो आणि लोकांचा लाडका होतो.

मी तो प्रसंग पाहिला तेव्हा छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. त्यात मला काही गैर वाटत नाही.

पाणवठा

वाटसरू, पाहिलाय आणि मलाही तो आवडतो. पण 'कुणालाही ओरखडा येत नाही' हे वाक्य तुम्हीच लिहिलंत, ते परत वाचा. लेखकाने आपल्यासाठी ती सोय करून ठेवलीय. आवारात त्या वेळी एखादा रखवालदार डुलकी काढत असता तर आपल्याला ती टाळी वाजवता आली असती का? त्याआधी तो अग्निशामक नळकांडं उचलून खिडकीच्या काचेवर घालतो, त्या वेळचा काचेपलीकडच्या कारकुनाचा चेहरा आठवा.

काजवा

मी जरा वेगळ्या बाजूने लिहिते. 'फॉलिंग डाउन'मध्ये एक जागा आहे जी पुरुष प्रेक्षक हमखास विसरतात. शेवटाकडे तो बायकोच्या घरात शिरतो, ती मुलीला घेऊन निघून गेलेली असते. तो घरच्या जुन्या व्हिडिओ लावून बसतो. एका वाढदिवसाला मुलीसाठी लाकडी डुलता घोडा आणलेला आहे. मुलगी लहान, घाबरलीय, रडतेय, तिला घोड्यावर बसायचं नाहीये. आणि याचा आवाज येतो, बसव तिला, बसव म्हणतो ना. चित्रात वाढदिवस आहे आणि आवाजात धाक आहे. तो स्वतः ते बघताना चमकतो.

म्हणजे गाड्यांच्या गर्दीने, नोकरी गेल्याने, बर्गरने हा माणूस घडलेला नाही. बायकोने कोर्टाकडून मनाईहुकूम आणला तो उगाच नाही. समाजाने कडेला ढकललं हे खरंच, पण घरात त्याने आधीच दोन जीवांना कडेला उभं केलं होतं. तिचा कडेलोट कुणी मोजला? ती दिवसभर फोनच्या आवाजाने दचकते, एवढंच तिच्या वाट्याला.

बाईच्या कडेलोटावरचा सिनेमा पाहायचा तर शांताल अकेरमानचा 'झान दिलमान' (१९७५) पाहा. तीन तास वीस मिनिटांचा आहे. धीर धरावा लागतो, मी दोन बैठकींत पाहिला. ब्रसेल्समधली विधवा, एक मुलगा, तीन दिवस. स्वयंपाक, भांडी, अंथरूण, बाजार, आणि दुपारी ठरलेल्या वेळी येणारं एक गिऱ्हाईक, त्या पैशावर घर चालतं. पहिल्या दिवशी सगळं घड्याळाबरहुकूम. एका खोलीतून दुसरीत जाताना दर वेळी दिवा मालवते. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात.

बस, एवढंच होतं. पण ती ते पातेलं हातात घेऊन घरभर फिरते, कुठे ठेवावं कळत नाही. मी तिथे रडले. ज्यांनी घर एकहाती चालवलंय त्यांना कळेल की ते पातेलं म्हणजे काय. तिसऱ्या दिवशी ती लवकर उठते आणि सगळी कामं लवकर संपतात, मग खुर्चीत नुसती बसते. रिकामा वेळ तिला सोसत नाही. त्यानंतर जे होतं ते लिहीत नाही, पाहा. नंतर ती अंधारात टेबलाशी बसून राहते आणि कॅमेरा हलत नाही, तेव्हा आपणही हलू शकत नाही.

२०२२ साली 'साइट अँड साउंड' मासिकाच्या समीक्षकांच्या कौलात तो सर्वकाळातला पहिल्या क्रमांकाचा सिनेमा ठरला. बनवला तेव्हा अकेरमान पंचविशीच्या आसपास होत्या.

अर्धविराम

काजवा, डुलत्या घोड्याचं शंभर टक्के पटलं. मी तीनदा पाहिलाय आणि तो प्रसंग मला आठवतच नव्हता.

जुनी वही

मंडळी, या सगळ्यांचा आजोबा राहिला. 'मॉडर्न टाइम्स' (१९३६). लोक त्याला विनोदी सिनेमा म्हणून लक्षात ठेवतात. चॅप्लिन पट्ट्यावरून सरकत येणारे नट आवळतोय, दोन्ही हातांत पाने. पट्ट्याचा वेग मालकाच्या हुकमाने वाढत जातो. जेवणाची सुट्टी वाचावी म्हणून कामगाराला भरवणारं यंत्र त्याच्यावर तपासून बघतात, ते यंत्र बिघडतं. मग तो पट्ट्याबरोबर यंत्राच्या पोटात जातो आणि बाहेर येतो तो डोक्यावर परिणाम झालेलाच. समोरच्या बाईच्या कपड्यावरची बटणंसुद्धा आवळायला धावतो. त्याआधी एक छोटी गोष्ट आहे, ती पाहा. काम थांबलेलं असताना त्याचे खांदे आणि हात त्याच झटक्याने उडत राहतात, त्याला थांबवता येत नाहीत. माझे वडील आयुष्यभर यंत्रावर उभे राहिले. निवृत्तीनंतर कितीतरी दिवस बोलता बोलता त्यांचा उजवा अंगठा मांडीवर दाबला जायचा. त्या सिनेमाला मी कधी हसू शकलो नाही.

दुसरा, सईद मिर्झांचा 'मोहन जोशी हाज़िर हो!' (१९८४). म्हातारं जोडपं, पडायला आलेली इमारत, घरमालकाविरुद्ध खटला. भीष्म साहनी आणि दीना पाठक. वर्षानुवर्षं तारखा, वकिलांच्या खिशात जाणारी पुंजी. शेवटी न्यायाधीश पाहणीला येणार म्हणून मालक इमारतीला टेकू लावून घेतो. सगळं ठीकठाक दिसू लागतं. आणि मोहन जोशी त्या टेकूलाच हात घालतो. पाणवठा, तुमच्या प्रश्नाचं हे एक उत्तर. तो कुणावर फुटला? खोट्या टेकूवर. दुसऱ्या कुणाचं रक्त नाही सांडलं, त्याचं स्वतःचं सांडलं.

वाटसरू

'डोंबिवली फास्ट' (२००५) कुणीच काढला नाही अजून! निशिकांत कामतांचा, संदीप कुलकर्णींचा माधव आपटे. 'फॉलिंग डाउन'वरून प्रेरित आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण एक फरक मला कायम जाणवतो. डग्लसचा माणूस नियमाविरुद्ध भांडतो. आपटे नियमासाठी भांडतो. त्याचं म्हणणं एवढंच की जे लिहिलंय ते पाळा. म्हणून तो आपल्याला जास्त जवळचा वाटतो आणि म्हणूनच, आता या धाग्यावरचं वाचून म्हणतो, जास्त धोकादायकही आहे. स्वतःची बाजू बरोबर असल्याची इतकी खात्री असलेल्या माणसाला थांबवणार कोण?

उत्तररात्र

इथे फक्त वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. पाणवठा, मी खिडकीपलीकडची आहे. चार वर्षं एका मदत क्रमांकावर काम केलं. नाव लिहीत नाही.

आमच्यासमोर पडद्यावर घड्याळ असायचं. एक कॉल किती मिनिटांत संपवायचा हे ठरलेलं. ते ओलांडलं की आकडा लाल व्हायचा आणि महिन्याच्या शेवटी त्या लाल आकड्यांचा हिशोब व्हायचा. 'आपली गैरसोय मी समजू शकते' हे वाक्य प्रत्येक कॉलमध्ये म्हणावंच लागे. म्हटलं नाही तर गुण कापले जायचे, कारण कॉल ऐकून तपासणारं माणूस वेगळं असे. एक आजोबा होते, बायकोच्या नावाचं खातं बंद करायला फोन केला होता. बोलता बोलता रडायला लागले. मी ते ठरलेलं वाक्य म्हटलं आणि माझी मलाच किळस आली. मग गप्प राहिले, त्यांना रडू दिलं. त्या दिवशीचा माझा आकडा लाल होता.

फोन मध्येच कट होतो तेव्हा दर वेळी ते मुद्दाम केलेलं नसतं. कधी कधी मुद्दामही असतं, खोटं कशाला बोलू. सलग सहा तास शिव्या खाल्ल्यावर सातव्या तासाला बोट आपोआप जातं. तुम्हाला तेव्हा जे वाटलं तेच आम्हाला वाटत असतं, फरक एवढाच की आम्हाला ओट्यावर मूठ आपटता येत नाही. शेजारी तीस जणं बसलेली असतात.

मला 'आय, डॅनियल ब्लेक' (२०१६) बद्दल लिहायचं होतं, पण आता जेवायला हाक आली. रात्री लिहिते.

पाणवठा

उत्तररात्र, तुमचा प्रतिसाद चारदा वाचला. त्या मुलीची माफी मागायची सोय नाही, म्हणून तुमची मागतो. सवडीने लिहा, वाट बघतो.

अर्धविराम

उत्तररात्र यांच्या घड्याळावरून कियोशी कुरोसावांचा 'टोकियो सोनाटा' (२००८) आठवला. (अकिरा कुरोसावा वेगळे, नात्याचे नव्हेत.) नोकरी गेलेला बाप घरी सांगत नाही, रोज सकाळी बॅग घेऊन निघतो. त्याला शाळेतला जुना मित्र भेटतो, तोही तेच करतोय. त्या मित्राने आपला फोन ठरावीक वेळाने आपोआप वाजेल असा लावून ठेवलाय. फोन वाजला की उचलतो आणि कामाचं बोलायला लागतो. पलीकडे कुणीच नाही. या धाग्यावर आपण खिडकीपलीकडच्या माणसाबद्दल बोलतोय, तिथे तर खिडकीही नाही आणि माणूसही नाही. त्या मित्राचं पुढे काय होतं ते बघवत नाही.

'फॉलिंग डाउन'मधली ऑफिसची ब्रीफकेसही (बंदुकांची बॅग वेगळी) तशीच आहे ना? नोकरी गेल्यावरही रोज हातात घेऊन आईच्या घरातून निघायचा. एका भिकाऱ्याला देऊन टाकतो, तो उघडतो तर आत फक्त दुपारचं खाणं.

उत्तररात्र

आता सवड मिळाली.

'आय, डॅनियल ब्लेक' केन लोचचा, पटकथा पॉल लॅव्हर्टीची. त्या वर्षी कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता. न्यूकॅसलमधला ५९ वर्षांचा सुतार, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, डॉक्टर म्हणतात काम करू नका. भत्ता मिळवायला तपासणी द्यावी लागते. सिनेमा सुरू होतो तेव्हा पडदा काळा आहे आणि नुसते आवाज. एक बाई प्रश्न विचारतेय. हात वर करता येतो का? डोक्यावर टोपी घालता येते का? तो म्हणतो, अहो माझं हृदय दुखतंय, हातपाय ठीक आहेत. ती पुढचा प्रश्न विचारते. त्याला १२ गुण पडतात, लागतात १५.

त्या बाईचा चेहरा आपल्याला दिसत नाही. मला मात्र तिच्या आवाजावरून सगळं दिसलं. तिच्यासमोर एक फॉर्म आहे, फॉर्ममध्ये हृदयाचा रकाना नाही आणि तिच्याही समोर कुठेतरी घड्याळ आहे.

शेवट फोडतेय, नको असेल तर हा परिच्छेद सोडा. डॅनियल कधी कुणावर हात उगारत नाही. एकदाच, कार्यालयाच्या बाहेरच्या भिंतीवर रंगाने स्वतःचं नाव आणि मागणी लिहितो. अपिलाची सुनावणी व्हायच्या आधी तिथल्याच स्वच्छतागृहात त्याचं हृदय थांबतं.

पण मला अॅनबद्दल लिहायचं होतं. ती त्या कार्यालयात कामाला आहे. डॅनियलला संगणकाचा माउस हलवता येत नाही, ऑनलाइन फॉर्म भरता येत नाही, तेव्हा ती त्याच्या शेजारी येऊन त्याला मदत करते. तिची वरिष्ठ तिला बोलावून झापते की असा पायंडा पाडायचा नाही. ती मान खाली घालून जागेवर जाते. एवढीशी भूमिका आहे. मी सिनेमा पाहताना डॅनियलसाठी रडले नाही, अॅनसाठी रडले. तिचा कडेलोट कुणी चित्रित करणार नाही, कारण तो रोज थोडा थोडा होतो आणि दुसऱ्या दिवशी ती कामावर हजर असते.

वाटसरू

उत्तररात्र, हे वाचून माझी बाजू मला लंगडी वाटायला लागलीय. टाळीचं सुख खोटं नाही असं अजून म्हणतो. पण त्या सुखाची किंमत दर वेळी अॅनसारखंच कुणीतरी मोजतं, हे मी आजवर बघितलं नव्हतं.

काजवा

'नेटवर्क' (१९७६) मध्ये तर टाळीचाच धंदा होतो. वृत्तनिवेदक होवर्ड बील थेट प्रक्षेपणात फुटतो, लोकांना खिडक्या उघडून ओरडा म्हणतो, आणि लोक ओरडतात. वाहिनीला कळतं की संतापाला प्रेक्षक आहेत. मग त्याच्या संतापाचा रोजचा कार्यक्रम. प्रेक्षक घटले की त्याचाही निकाल लावतात. पडद्यावर ओरडणारा माणूस पाहिला की मला आधी प्रश्न पडतो, कॅमेरा कुणी लावलाय.

जुनी वही

पाणवठा, तुमच्या 'फॉलिंग डाउन'मधल्या पोलिसाबद्दल कुणी बोललं नाही. रॉबर्ट डुव्हाल. त्याचा नोकरीतला शेवटचा दिवस आहे. दोन वर्षांची मुलगी गमावलेला बाप. बायको सैरभैर, वरिष्ठ पाणउतारा करणारा, सहकारी टर उडवणारे. फुटायला त्याच्याकडे डग्लसपेक्षा कारणं कमी नाहीत. धक्क्यावर दोघे समोरासमोर येतात तेव्हा तो जे म्हणतो त्याचा अर्थ असा: तुझ्याशी खोटं बोलले म्हणून तू चिडलास? ते सगळ्यांशीच खोटं बोलतात, पण म्हणून आज तू जे केलंस त्याचा खास हक्क तुला मिळत नाही. दिग्दर्शकाने एकाच गावात, एकाच उन्हात दोन माणसं ठेवली. आम्ही टाळ्या चुकीच्या माणसासाठी वाजवल्या.

पाणवठा

जुनी वही, हे फार मोलाचं. आणि खरंच, तो पोलीस दिवसभर लोकांचं ऐकून घेतो. वेगवेगळ्या तक्रारींमधला धागा त्यालाच दिसतो, कारण बाकीचे कागद सरकवत असताना तो समोरच्याचं बोलणं ऐकतो.

माझ्याकडून शेवटचा एक सिनेमा, दार्देन बंधूंचा 'टू डेज, वन नाइट' (२०१४). मारिओं कोतियार. नैराश्याच्या आजारपणातून उठून सांद्रा कामावर परतणार, तेवढ्यात कळतं की कंपनीने १६ सहकाऱ्यांपुढे पर्याय ठेवला होता: प्रत्येकी हजार युरोंचा बोनस किंवा सांद्राची नोकरी. बहुतेकांनी बोनस निवडला. सोमवारी पुन्हा मतदान. शनिवार-रविवारात ती एकेकाच्या दारात जाते. तेच वाक्य, तीच विनंती, दर दाराशी नव्याने. दार उघडणाऱ्यांतही कुणी खलनायक नाही. कुणाच्या घराचं काम अर्धवट, कुणाच्या मुलीचं शिक्षण. मध्येच तिचा धीर सुटतो आणि ती गोळ्या घेते. वाचते, आणि पुन्हा दारं ठोठावायला निघते.

शेवट फोडतोय. मतं समान पडतात, नोकरी जाते. मग साहेब म्हणतो, एका कंत्राटी कामगाराची मुदत वाढवणार नाही, त्याच्या जागी तुला घेतो. ती नाही म्हणते. बाहेर येऊन नवऱ्याला फोन करते की आपण छान लढलो.

काजवा

त्यात गाडीतला प्रसंग आहे बघा. रेडिओवर उदास गाणं लागतं. ती ऐकून खचेल म्हणून नवरा हळूच आवाज कमी करतो. तिच्या लक्षात येतं. ती हसते आणि आवाज पुन्हा वाढवते.

उत्तररात्र

आज रात्री पाहते.